निरोप कोणाच्या हाती द्यावा?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातीचे मोठेपण तिच्या सभागृहाच्या उंचीवरून ठरत नाही. एका घरचे सुखदुःख दुसऱ्या घरी किती लवकर पोचते, यावरून ठरते. पूर्वी हे काम पोस्टकार्ड करी. आता सर्व सभासदांस भ्रमणध्वनीवर एकाच वेळी लघुसंदेश धाडणारी सेवा घ्यावी, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे. ती कशी निवडावी, याविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

व्हॉट्सॲपवर आपला समूह असताना हा खर्च कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यांच्यापाशी साधा बटणांचा फोन आहे, अशा आपल्या आजी-आजोबांना त्या समूहात स्थान नाही. आणि समवयस्काच्या निधनाची वार्ता तर प्रथम त्यांनाच कळावयास हवी.

सेवेची पहिली कसोटी हिशेबाची. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०च. आणि मजकूर त्याहून लांबला की प्रत्येक भागात ६७. शिवाय काना, मात्रा, पायमोड ही यंत्र स्वतंत्र मोजते. 'नमस्कार' शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा, यंत्राच्या लेखी सातांचा! समजा, १५० चिन्हांचा मजकूर ८०० सभासदांस धाडला, तर आकारणी २,४०० संदेशांची होईल. म्हणून नुसता दर न विचारता मराठी मजकूर पुढे ठेवून एकूण खर्च विचारावा. मात्र काटकसरीपायी मराठी रोमन लिपीत लिहू नये; ज्या आजीसाठी हा खटाटोप, तिलाच ती वाचता यावयाची नाही.

दुसरी कसोटी नियमांची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेचे नाव, प्रेषकाचे शीर्षक आणि संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. 'नोंदणीवाचून काम करून देतो' म्हणणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा. मृत्यू काही पूर्वसूचना देऊन येत नाही. त्या दिवशी साचा मंजूर करून घेण्यास वेळ कोठला? नाव, स्थळ व वेळ यांच्या जागा मोकळ्या ठेवून निधनवार्तेचा साचा आधीच मंजूर करून ठेवावा. सभा आणि शिष्यवृत्ती यांचेही तसेच करावे.

तिसरी कसोटी विश्वासाची. सभासदांचे क्रमांक ही आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. त्यांची संमती घ्यावी. यादी अन्य कोणास देणार नाही आणि करार संपताच पुसून टाकू, असे सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. मूळ यादी चिटणिसांच्या दप्तरी असावी.

शेवटी, संदेश कोणास पोचला व कोणास नाही, याचा क्रमांकवार अहवाल जी सेवा देईल, तीच पत्करावी. ज्यांच्या नावापुढे 'पोचला नाही' असे येईल, त्यांच्या घरी कार्यकर्त्याने त्याच दिवशी जावे. यंत्र निरोप नेईल. खांदा द्यावयास मात्र आपणच गेले पाहिजे.