पलटण हरली, आता माणूस कुठला आणायचा?

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज आवाज जरा बसलेला वाटेल. कारण तुम्हाला माहिती आहे. ३१ ऑक्टोबरची रात्र. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम, प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल, दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८.

आम्ही ती मॅच पालीत, एका दुकानाच्या ओट्यावर, एका मोबाईलवर सात-आठ जणांनी बघितली. नेट मध्येच अडकायचं. शेवटी पलटण दोन पॉइंटनं मागं, आदित्य शिंदे चढाईला गेला, आणि त्याला धरलं कोणी? फजल अत्राचलीनं. जो फजल २०२२ मध्ये पलटणचाच कॅप्टन होता. ओट्यावर कोणी काही बोललं नाही. एक जण उठला, गाडीला किक मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर एकच गोष्ट सुरू. ‘मोठा रेडर आणा.’ ‘अमक्याला घ्या.’ ‘तमक्याला काढा.’ म्हणून म्हटलं, आज शांतपणे बसून बोलू. पलटणला पुढच्या लिलावात खरंच काय पाहिजे? आणि शेवटी थोडं आपल्या गावाच्या टीमबद्दलही बोलणार आहे, कारण तिथं पण हाच प्रश्न पडलाय. फक्त तिथं लिलाव नाही, उचल आहे.

आधी जरा मागं जाऊ. पलटणनं फायनल हरायची ही पहिली वेळ नाही. १७ डिसेंबर २०२२, मुंबई, नववा सीझन. जयपूर पिंक पँथर्स ३३, पलटण २९. चार पॉइंटनं गेली. त्या दिवशी अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दोघंही दुखापतीमुळं बाहेर. म्हणजे वर्षभर ज्या दोन पोरांच्या जिवावर आपण तिथपर्यंत आलो, तेच मॅटवर नव्हते.

आता विचार करा. तुम्ही टीमचे मालक आहात. फायनल हरलाय, रेडर नव्हते म्हणून हरलाय. तुम्ही लिलावात काय घ्याल? शंभरातले नव्वद जण म्हणतील, रेडर. पलटणनं काय केलं? रेडरवर मोठी रक्कम लावलीच नाही. कारण रेडर त्यांच्याकडं होते. आजारी होते, पण होते. आजारी माणूस बरा होतो. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, आदित्य शिंदे, सगळे तरुण. त्यांना हात लावला नाही.

सोडलं कोणाला? फजल अत्राचलीला, ज्याच्यावर २०२२ च्या लिलावात १ कोटी ३८ लाख लावले होते. आणि मोहम्मद नबीबख्शला, ८७ लाखांचा. दोघं मिळून झाले २ कोटी २५ लाख. मग ऑक्टोबर २०२३ चा लिलाव आला, मुंबईत. त्याच्या दोनच दिवस आधी, ७ तारखेला, हांगझोऊला एशियन गेम्सची फायनल झाली होती. भारत ३३, इराण २९. भारताकडून आपला अस्लम आणि आकाश शिंदे, इराणकडून मोहम्मदरझा शादलुई. आणि पलटणनं लिलावात त्याच शादलुईला घेतलं, २ कोटी ३५ लाखांना.

हिशोब बघा. दोन माणसं सोडून जवळजवळ तेवढ्याच पैशात एक माणूस. एका टीमला खर्चायला एकूण ५ कोटी. म्हणजे अर्ध्याला थोडंच कमी एकट्यावर. मी तेव्हा म्हणालो होतो, ही चूक आहे. जुना भाग काढून ऐका, आहे अजून. मी चुकलो होतो.

का चुकलो? कारण मी ‘सगळ्यात भारी कोण’ बघत होतो. त्यांनी ‘जागा कुठली रिकामी आहे’ ते बघितलं. फजल डावा कोपरा, शादलुई पण डावा कोपरा. पण शादलुई वयानं लहान, आणि गरज पडली तर चढाईला पण जातो. म्हणजे एका जागेचा माणूस बदलला, बाकी घर तसंच ठेवलं. कॅप्टन केलं अस्लमला. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातलं पोरगं.

पुढं काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. १ मार्च २०२४, हैदराबाद, पलटण २८, हरियाणा स्टीलर्स २५. पंकजनं एका चढाईत चार पॉइंट आणले. पलटणचं पहिलं विजेतेपद. शादलुई त्या सीझनचा सगळ्यात जास्त पकडी करणारा, ९९ पॉइंट. अस्लम सीझनचा सर्वोत्तम खेळाडू.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. नाही संपली. पुढच्या लिलावाआधी शादलुई सुटला आणि हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतला. अस्लमचा गुडघा मध्येच गेला. आणि चॅम्पियन पलटण अकराव्या सीझनला प्ले-ऑफमध्ये पण नाही! जिंकलं कोण? हरियाणा. पहिल्यांदाच. फायनल कुठं झाली? आपल्याच बालेवाडीला. पाहुण्यानं आपल्या घरी येऊन आपल्याच ताटात जेवावं, तसं झालं ते.

मी हे सगळं का सांगतोय? कारण परवाच्या पराभवानंतर आपण पुन्हा तिथंच उभे आहोत.

आता परवाची मॅच. दोन आकडे शेजारी ठेवा. हैदराबादला पलटणचे पॉइंट २८, आणि कप आपला. दिल्लीला पलटणचे पॉइंट २८, आणि कप त्यांचा. आपण केलेले पॉइंट तेवढेच. फरक कशात आहे? हैदराबादला समोरच्याला दिले २५, दिल्लीला दिले ३१. सहा पॉइंट जास्त.

मग ‘मोठा रेडर आणा’ हे उत्तर कुठून आलं? ते येतं कारण रेडर दिसतो. कॅमेरा त्याच्यावर असतो. आदित्यनं फायनलमध्ये १० पॉइंट केले, एकट्यानं. पण शेवटी पकडला गेला तोच, म्हणून ‘रेडर कमी पडले’ असं आपल्या डोक्यात बसलं. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस कोणाच्या लक्षातच राहत नाही.

थांबा, थोडं माझ्याच विरुद्ध पण बोलतो. दिलेले सगळे पॉइंट बचावाच्या माथी मारता येत नाहीत. आपला रेडर पकडला गेला की समोरच्याला पॉइंट मिळतो. लोण बसला की वर दोन. आणि २८ मधले १० एकट्या आदित्यचे असतील तर बाकीच्यांकडून हवं तेवढं आलं नाही, हे पण खरं. म्हणजे रेडिंगमध्ये गडबड आहेच. पण ती गडबड दोन कोटींच्या माणसानं सुटणारी नाही. तिथं पाहिजे एक असा चौथा-पाचवा रेडर, जो चढाईला जाईल, तीस सेकंद काढील, बोनस मिळाला तर घेईल, नाही मिळाला तर मोकळा परत येईल. पकडला जाणार नाही. असल्या माणसाचे व्हिडिओ कोणी शेअर करत नाही, म्हणून तो स्वस्तात मिळतो.

तर माझी यादी, तीन गोष्टींची.

पहिली, असलेलं घर मोडू नका. ही टीम लीगमध्ये १८ पैकी १३ मॅच जिंकून पहिल्या नंबरवर होती. दिल्लीचेही पॉइंट तेवढेच, २६. क्वालिफायरमध्ये त्यांच्याशी ३४-३४ बरोबरी होऊन टायब्रेकरला गेलो, फायनल तीन पॉइंटनं गेली. एवढ्या फरकानं हरलेल्या टीमला ‘आमूलाग्र बदल’ नको असतो.

दुसरी, अस्लमच्या गुडघ्याचा विमा काढा. म्हणजे पॉलिसी नाही हो! तो नसेल त्या दिवशी मॅटवर कोण बोलणार, कोण रिव्ह्यू घेणार, तिसऱ्या चढाईला कोण जाणार, हे आधीच ठरलेलं पाहिजे. २०२२ ला तो नव्हता, हरलो. २०२४ ला मध्येच गेला, बुडालो. दोनदा ठेच लागलेल्या दगडाला तिसऱ्यांदा ठेच लागली तर दोष दगडाचा नाही.

तिसरी, पैसा लावायचाच असेल तर कोपऱ्यावर लावा. गौरव खत्री आहे, चांगलाच आहे. पण शादलुई गेल्यापासून दुसऱ्या बाजूला तेवढा दरारा कोणाचा वाटलेला नाही, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर कळवा. शादलुईला बाराव्या सीझनला गुजरातनं २ कोटी २३ लाखांना घेतलं होतं. तोच पाहिजे असं म्हणत नाही. ती जागा भरली पाहिजे, असं म्हणतोय.

आता गावाकडं येतो.

मागच्या शिवजयंतीला आमच्या टीमनं फायनल हरली. तीन पॉइंटनंच, काय योगायोग असतो बघा. आणि हरलो कारण आमचे दोन रेडर आणि एक डावा कोपरा त्या दिवशी मैदानावर नव्हते. दुखापत नव्हती कोणाला. फडात होते. ऊस तोडायला.

जे बीडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत. आणि शिवजयंती १९ फेब्रुवारीला. म्हणजे आमच्या ट्रॉफीच्या दिवशी आमची अर्धी टीम पालावर. आमचा ऑफ-सीझन उन्हाळ्यात येतो, आणि सीझन असतो तेव्हा टीमच नसते.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी, आमचा कॅप्टन आणि दोन पोरं, आमच्या डाव्या कोपऱ्याच्या घरी गेलो. नाव घेत नाही त्याचं, त्याला आवडणार नाही. एकोणीस वर्षांचा आहे. घोटा धरला की सोडत नाही. प्रो कबड्डीच्या टीम नवीन पोरांच्या निवड चाचण्या घेतात, तिथं एकदा तरी त्यानं जावं, असं माझं गेलं वर्षभर चाललंय. म्हटलं, यंदा जाऊ नको. आम्ही वर्गणी काढू, खुराकाचं बघू.

त्याच्या आईनं चहा ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, तुमचं खरंय. पण कबड्डीनं उचल फिटंल का?”

मी इंजिनिअर माणूस. घरी बसून लॅपटॉपवर काम करतो, महिन्याला पगार येतो. माझ्याकडं ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उचल मोठ्या भावाच्या लग्नाला घेतली होती. आमची वर्गणी त्यापुढं किस झाड की पत्ती.

तर तो गेला. परवाच टोळीबरोबर ट्रॅक्टरवर बसून. जाताना म्हणाला, “फायनल बघितली का? कोपरा नव्हता आपल्याकडं.” मी इथं अर्धा तास जे सांगितलं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

मग आता आम्ही काय करणार? मी आधी तेच करत होतो जे ग्रुपवरचे लोक करतात. बाहेरगावचा एखादा भारी खेळाडू आणू, हजार-दोन हजार देऊ, एक दिवस खेळवू. तसं बरेच जण करतात. पण तो एक दिवस खेळून जातो, आपली जागा रिकामीच राहते.

म्हणून यंदा वेगळं ठरवलंय. आई-बाप फडाला गेले की काही पोरं मागं राहतात. आजी-आजोबांकडं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ही पोरं फेब्रुवारीत गावातच असतात. आमचं लक्ष तिकडं कधी गेलंच नव्हतं. त्यातली नववी-दहावीतली सहा पोरं सध्या रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर येतात. पायात बूट नाहीत सगळ्यांच्या. पण दोघंजण घोटा धरायला शिकलेत. यंदा कप येईल असं नाही म्हणत मी. बहुतेक पहिल्याच फेरीत हरू. पण दोन वर्षांनी आमच्याकडं असा कोपरा असेल, जो शिवजयंतीला गावात असेल.

आणि डाव्या कोपऱ्याचं काय? तो मार्चमध्ये येईल. तेव्हा एकोणीसचा वीस झालेला असेल. नवीन खेळाडू म्हणून घेण्याची वयाची अट असते, तिथं त्याच्याकडं फार वर्षं नाहीत. उचल फिटली असेल तर मी त्याला घेऊन चाचणीला जाणार आहे, माझ्या खर्चानं. नसेल फिटली तर पुन्हा त्याच ओट्यावर बसून विचार करू. आत्ता एवढंच ठरलंय.

पलटणकडं ५ कोटी आहेत, आमच्याकडं सहा पोरं आणि एक उसनी शिट्टी. प्रश्न दोघांपुढं सारखाच आहे. हरल्यावर नुसता मोठा माणूस शोधू नका, रिकामी जागा शोधा.

तुमच्या गावच्या टीमची कुठली जागा रिकामी आहे? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि कोणाकडं दहा नंबरचे जुने बूट पडून असतील तर ते पण सांगा. आमच्या एका कोपऱ्याचा पाय जरा मोठाच आहे.

भेटू. काळजी घ्या.