स्वयंसेवकांचे नियम आणि वडीलधाऱ्यांची बंधने

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त सभामंडपात भरलेल्या युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या देवस्थानच्या नियोजित युवक विभागाच्या नियमावलीचा मसुदा तपासून त्यावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा समितीने मला केली. मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य कचेरीत कागद लावण्यात आणि टिपणे लिहिण्यात गेले. तेव्हा हे काम माझ्याकडे आले ते विद्वान म्हणून नव्हे, कारकून म्हणून, हे मी जाणून आहे. कारकुनाला एक खोड असते. मसुदा हाती आला की त्यातील विचार पाहण्याआधी तो कलमे मोजतो. मीही मोजली. एकंदर एकवीस भरली. त्यांपैकी एकोणीस कलमे मुलांनी काय करावे आणि काय करू नये ते सांगतात. वेळेवर यावे, गणवेश घालावा, वडील माणसांचा मान राखावा, मोबाईलवर खेळत बसू नये, इत्यादी. उरलेल्या दोहोंपैकी एक विभागाच्या नावाचे आणि दुसरे शिक्क्याचे. मुलांना हाताशी धरून काम करवून घेणारी जी आम्ही मोठी माणसे, त्यांच्यासाठी एकही कलम मला आढळले नाही. माझे आजचे म्हणणे या एकाच उणिवेविषयी आहे.

आपण महाजन मंडळी नियमांना नवखी नाही. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली महाजनसंस्थांसाठी रेग्युलामेंत केले, पुढे १९३३ साली नवे केले, आणि त्याच्याच आधारे आजही आपली देवस्थाने चालतात. शिवाय प्रत्येक देवस्थानचा स्वतःचा कॉम्प्रोमिस आहेच. परक्या सत्तेचा त्यामागील हेतू काय होता याची चर्चा येथे नको. पण तो कायदा बांधतो कोणाला, हे पाहण्यासारखे आहे. दर्शनाला येणाऱ्या भाविकाला तो फारसा काही सांगत नाही. तो बांधतो अध्यक्षाला, खजिनदाराला, मुखत्याराला. खर्च कसा करावा, हिशेब कसा ठेवावा, मामलेदाराकडे काय सादर करावे, हे सर्व त्यात आहे. म्हणजे देवाच्या पैशाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांनी स्वतःला बांधून घेणे आपल्या घराण्यांना पिढ्यानुपिढ्या मान्य आहे. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग देवाच्या दारी सेवेसाठी पाठविलेल्या मुलांच्या बाबतीतच आपण मोकळे का राहावे?

सेवा या शब्दाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण हा शब्द फार सोयीचा आहे. पोर्तुगालात सालाझारच्या राजवटीत १९३६ साली 'मोसिदाद पोर्तुगेझा' नावाची युवक संघटना निघाली. आमच्या लिसेवच्या पिढीला हे नाव अपरिचित नव्हते. तेथे सात ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांना सभासदत्व सक्तीचे असे. हिरवा सदरा आणि कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर 'एस' हे अक्षर. अधिकृत अर्थ 'सेर्व्हीर', म्हणजे सेवा करणे. लोक मात्र त्याचा अर्थ सालाझार असाच घेत. सेवेचा शब्द कमरेला बांधला, पण नियम सारे लहानांसाठी, आणि वर बसलेल्याला प्रश्न विचारण्याची सोय कोठेच नाही. १९७४ मध्ये ती राजवट कोसळली तशी ती संघटनाही गेली. आपल्या विभागाची आणि तिची तुलना मी करीत नाही, तशी करणे अन्यायाचे होईल. सेवेचे नाव घेतले म्हणजे संस्था आपोआप चांगली होत नाही, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे.

आता आपल्या देशातील अनुभव पाहू. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यास गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतलेले एक अपरिचित गृहस्थ म्हणून उपस्थित होते. तेथील स्वयंसेवकांचे वर्णन त्यांनी आत्मकथेत केले आहे. एकाला काम सांगावे तर तो दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि पाहुणा मध्येच तिष्ठत राही. शौचकूपांची घाण दाखविली तर ते भंग्याचे काम म्हणून कोणी हात लावीना. शेवटी गांधीजींनी झाडू मागून घेऊन आपल्यापुरती जागा स्वच्छ केली. पुढे त्यांनी कचेरीत जाऊन काम मागितले, तेव्हा चिटणीस घोषालबाबूंनी त्यांच्यापुढे पत्रांचा ढीग ठेवला. त्या अधिवेशनात महात्म्याने कारकुनी केली, हे आम्हां कारकुनांना सांगताना थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी दिलेले कारण. स्वयंसेवकांना त्यांनी दोष दिला नाही. वर्षातून तीन दिवस जागी होऊन पुन्हा झोपी जाणाऱ्या संस्थेत शिक्षण मिळणार तरी कसे, असा त्यांचा आशय होता. आमच्या जत्रा वर्षातून किती दिवस असतात ते मी सांगावयास नको. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पोरांच्या हाती बिल्ले द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ती नीट वागली नाहीत म्हणून अग्रशाळेच्या ओसरीवर बसून कुरकुरावयाचे, हा आमचा नेहमीचा परिपाठ आहे.

याच्या उलट उदाहरणही गांधीजींच्याच चरित्रात आहे. १९१५ साली हरिद्वारला कुंभमेळा भरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तलेल्या नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठे स्वयंसेवक पथक पाठविले. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळी त्यांच्या मदतीला गेली आणि त्यांनी मैल्याच्या खड्ड्यांवर माती लोटण्याचे काम स्वतः मागून घेतले. कोणी कोणाला ढकलले नाही, कारण ती माणसे बारा महिने एकत्र राहून काम करणारी होती आणि त्यांचे वडील त्यांच्याबरोबर त्याच खड्ड्याशी उभे होते. हेच कुंझरू १९१८ साली पंडित मालवीय आणि श्रीराम बाजपेयी यांच्यासह सेवा समिती स्काउट संघटनेच्या स्थापनेत होते. हिंदी मुलांना सरकारी स्काउट पथकांत आरंभी प्रवेश नव्हता, म्हणून ही स्वतंत्र वाट काढावी लागली. १९५० साली या निरनिराळ्या प्रवाहांतून भारत स्काउट्स संघटना झाली. तिच्या नियमांची एक धाटणी मला आवडते. 'विश्वासू राहावे' असा हुकूम तेथे नसतो, 'स्काउट विश्वासू असतो' असे विधान असते. आपल्या मसुद्यातील 'करू नये' हा शब्दप्रयोग मी मोजला, तो चौदा वेळा आला आहे. त्यातील निम्मे तरी गाळता येतील.

तथापि आपल्याला सर्वांत जवळचा नमुना राष्ट्रीय सेवा योजनेचा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. आपल्या घरांतील कित्येक मुले-मुली तिच्यातून गेली आहेत. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. तिची आचारसंहिता अवघ्या काही वाक्यांची आहे. नेमलेल्या गटप्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली काम करावे, गावच्या लोकांचा विश्वास संपादन करावा, वादग्रस्त विषयांत शिरू नये, कामावर असताना बिल्ला लावावा, आणि दररोजच्या कामाची नोंद डायरीत ठेवून ती गटप्रमुखास अथवा कार्यक्रम अधिकाऱ्यास दाखवावी.

ही डायरीची अट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ते केवळ धंद्याच्या अभिमानाने नव्हे. मुलाने लिहावे, 'सकाळी सहा ते आठ तळीच्या पायऱ्या धुतल्या, आठ ते दहा चपलांचा कट्टा सांभाळला, दुपारी पंक्तीत पाणी वाढले.' महिन्याच्या अखेरीस ती वही मोठ्या माणसाने वाचावयाची आणि खाली सही करावयाची. सही करणाराला तेव्हा दिसते की एकाच मुलाकडे तीन महिने चपलाच आहेत आणि समिती सदस्याचा चिरंजीव मात्र दर वेळी पालखीजवळ आहे. तोंडी कारभारात हे कधीच उघडकीस येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, मुलाने डायरी न लिहिल्यास त्याला जी समज द्यावयाची, तीच ती न वाचणाऱ्या वडीलधाऱ्यालाही द्यावी.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. उत्सवाच्या रात्री मुले अग्रशाळेत झोपतात. त्यांना कोण सांभाळतो, किती जण सांभाळतात, त्यांची नावे कोठे लिहिलेली असतात? 'आपलीच माणसे आहेत' हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते बहुतांशी खरेही असते. पण नियम बहुतांशासाठी नसतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा केंद्राचा कायदा २०१२ चा आहे, आणि गोव्यात तर त्याही आधी, २००३ साली, बाल कायदा झाला. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा सेवेतील माणसाने त्या संस्थेतील बालकावर केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर मानला आहे. असा प्रकार कळूनही तो पोलिसांना न कळविणे हा स्वतंत्र अपराध असून, हाताखालच्या माणसाची गोष्ट दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास सांगितला आहे. देवस्थानची अब्रू, घराण्याची अब्रू, मुलीचे पुढे कसे होईल, ही नेहमीची वाक्ये या कायद्यापुढे चालत नाहीत. समितीने बैठक बोलावून आपसात मिटविण्याचा हा विषयच नव्हे.

यास्तव मी पुढील गोष्टी मसुद्यात घालावयास सुचविल्या आहेत. कोणत्याही प्रौढ स्वयंसेवकाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहू नये. मुक्कामाच्या ठिकाणी निदान दोन प्रौढ असावेत, आणि मुली असतील तेथे स्त्रिया असाव्यात. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि तिच्यात मुलाचे आजार व औषधे नोंदवावीत. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्यावाचून मोबाईलवरून गावभर पाठवू नयेत. मुलाला तक्रार करावयाची झाल्यास समितीबाहेरील एका बाईंचे व एका पुरुषाचे नाव कार्यालयाच्या फळ्यावर असावे, आणि त्याखाली १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. राष्ट्रीय सेवा योजनेत शंभर विद्यार्थ्यांमागे एक अधिकारी असतो, पण ती महाविद्यालयीन मुले. आपल्याकडे दहा-बारा वर्षांची मुले येणार, तेव्हा ते प्रमाण आपल्याला उपयोगाचे नाही.

गर्दीचा प्रश्नही असाच आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. त्यापूर्वी २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीला अडीचशेहून अधिक माणसे गेली. बिल्ला म्हणजे पोलिसाचा पट्टा नव्हे. अठरा वर्षांखालील कोणालाही दोर धरून गर्दी अडविण्यास, दारूकामाजवळ वा तळीच्या पाण्यात उभे करू नये. रथाच्या चाकाजवळ तर मुळीच नाही. मुलांनी पाणी द्यावे, वृद्धांना बसावयास जागा दाखवावी, हरवलेल्या लहानग्यांना एका ठरलेल्या जागी आणावे. गर्दी थोपविण्याचे काम पोलिसांचे आणि त्यांच्याशी आधी बोलून ठेवलेल्या प्रौढांचे. हल्ली तरुणांना दोर धरण्यात पराक्रम वाटतो, आणि आम्हांलाही त्यांना तेथे उभे पाहून समाधान वाटते. यापुढे आपण ते टाळले पाहिजे.

पैशाचे कलम एकच ओळीचे आहे. सभासदाने देणगी स्वीकारू नये, स्वयंसेवकाने पावतीवाचून स्वीकारू नये.

प्रवेशाविषयी मसुद्यात 'महाजनांचे पुत्र' असे शब्द आहेत. महाजनकी कोणाची, हे कॉम्प्रोमिस आणि कायदा ठरवितो, आणि आजच्या सभेला त्यात फेरफार करता येणार नाही. परंतु युवक विभाग म्हणजे महाजनसंस्था नव्हे. त्यात मतदान नाही, मानपान नाही, हक्काचा प्रश्नच येत नाही. पंक्तीत वाढणाऱ्या, फुले गुंफणाऱ्या, दिवजांची ताटे सजविणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा करणाऱ्या सेवेकऱ्यांची मुलेही याच आवारात वाढली आहेत. त्यांना तळी धुवावयास बोलवावयाचे आणि हजेरीपुस्तकात मात्र नाव घालावयाचे नाही, हे मला पटत नाही. 'पुत्र' हा शब्द काढून 'गावातील व महाजन कुटुंबांतील मुले-मुली' असे लिहावे, अशी माझी विनंती आहे. काही वडील मंडळींना हे रुचणार नाही. त्यांनी आपला आक्षेप लेखी द्यावा म्हणजे त्यावर विचार करता येईल.

राहिला शिक्षेचा भाग. मसुद्यात 'समितीस योग्य वाटेल तेव्हा नाव कमी करण्यात येईल' असे आहे. कचेरीतल्या शिपायालाही कामावरून काढण्यापूर्वी कारण विचारतात. मुलाला आरोप सांगावा, त्याच्या पालकांसमक्ष त्याचे म्हणणे ऐकावे आणि निर्णयाचे कारण लिहून द्यावे. हाच नियम प्रौढ स्वयंसेवकालाही लागू असावा. मात्र मुलांच्या सुरक्षिततेविषयी तक्रार असेल तर चौकशी पुरी होईपर्यंत त्या प्रौढाला मुलांपासून दूर ठेवावे, मग तो कोणाचाही नातेवाईक असो.

या सर्व सूचनांसह मसुद्याची सुधारलेली प्रत मी तयार केली आहे. त्यात मुलांसाठी नऊ कलमे आणि मोठ्यांसाठी अकरा आहेत. एक प्रत कार्यालयात आणि एक प्रत सभामंडपातील फळ्यावर लावली आहे. युवकांनी ती वाचून आपले म्हणणे पुढील रविवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावे. फळ्यावरच्या प्रतीचा उजवा अर्धा भाग त्यासाठीच कोरा सोडला आहे, आणि खाली दोरीने पेन्सिल बांधून ठेवली आहे.