चकत्यांचे मोल



पोकर हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत वाढला. तो जुगार आहे, आणि त्याची तरफदारी करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु त्याच्या स्पर्धांत जोखमीचा एक हिशेब दडलेला आहे. तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

स्पर्धेच्या आरंभी प्रत्येकास सारख्या चकत्या मिळतात. त्या संपल्या की खेळाडू बाद. आता कल्पना करा : तिघे उरले आहेत, तिघांपाशी सारख्याच चकत्या आहेत आणि बक्षिसे 50, 30 व 20 रुपयांची आहेत. प्रत्येकाचा वाटा सरासरीने 33 रुपये 33 पैसे. दोघांनी आपल्या सर्व चकत्या पणास लावल्या. हरणारा 20 रुपये घेऊन उठतो. जिंकणाऱ्याजवळ दोन तृतीयांश चकत्या येतात. पहिला येण्याची त्याची शक्यता तेवढीच धरली, तर त्याचा वाटा 43 रुपये 33 पैसे होतो. म्हणजे मिळवावयाचे 10, आणि गमवावयाचे 13 रुपये 33 पैसे! मधले 3 रुपये 33 पैसे गेले कोठे? स्वस्थ बसलेल्या तिसऱ्याच्या पदरी पडले! गमावलेली चकती मिळवलेल्या चकतीहून जड असते, ती अशी.

मग हातावर हात ठेवून बसावे काय? तेही नव्हे. प्रत्येक डावात पाळीपाळीने दोघांना पत्ते पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम मांडावी लागते, आणि ती वेळोवेळी वाढत जाते. राखलेला ढीग बसल्या जागी झिजतो. म्हणून जाणता खेळाडू चकत्या नुसत्या मोजत नाही. त्या सक्तीच्या मोठ्या रकमेच्या किती पट आहेत, ते पाहतो. शंभर पट असतील, तर वाट पाहण्यास सवड आहे. दहा पटींवर आल्या, की बहुधा दोनच मार्ग उरतात : सर्वस्व लावावे, नाहीतर पत्ते टाकावेत. थोडेथोडे लावून पाहण्याची चैन तेथे परवडत नाही.

1982 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉस याच्यापाशी एकच चकती उरली होती, असे सांगतात. आणि ती स्पर्धा त्यानेच जिंकली. लोक ह्या कथेतून धाडस उचलतात. आम्हांस मात्र तीत ती एक शिल्लक चकती दिसते. ती नसती, तर धाडस कशाच्या बळावर केले असते?

आणि स्पर्धेतून उठलेल्यास पुढची स्पर्धा असते. घरची पुंजी पणास लावून उठलेल्या गृहस्थास ती नसते. एवढे ध्यानी ठेवून आपण आपला हिशेब करावा, ही विनंती.