अधिसभेंतील विद्यार्थी

कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास १९८९ पासून आमदार निवडण्याचा अधिकार आहे; मग ज्या शिवाजी विद्यापीठांत तो शिकतो, तेथील कारभारांत त्याचें मत कां नसावें? १९९४ च्या कायद्याखालीं वर्गाचे प्रतिनिधी निवडणुकीनें नव्हे, गुणानुक्रमानें ठरूं लागले. जणूं वसतिगृहाचें गळतें छप्पर पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यासच दिसतें! २०१६ च्या कायद्यानें निवडणूक परत आणली आणि विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षास व सचिवास अधिसभेंत स्थान दिलें. वार्षिक अहवाल व हिशेब जिच्यापुढें येतात, त्या सभेंत शुल्क भरणाऱ्यांचे दोन आवाज तरी असणें उचितच. परंतु २०१९ मध्यें ही निवडणूक पुढें ढकलण्यांत आली. कारण सांगण्यांत आलें तें विधानसभेच्या निवडणुकीचें, जिच्यांत हाच तरुण मतदार होता.