दोन विमानतळांतील अंतर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वसईहून परदेशी सुकेळ्यांचा पुडा धाडणारी घरे आज आपल्या ज्ञातीत थोडीथोडकी नाहीत. म्हणून मुंबई व न्यूयॉर्क या दोन विमानतळांतील अंतर कसे काढावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा गणित सोपेच असेल.

1988 साली आमच्या काकू अत्यवस्थ झाल्या. चुलतबंधू न्यूयॉर्कहून लंडनमार्गे निघाल्याचा निरोप आला. विमान आपल्या रात्री अकराला सुटणार होते. पहाटे काकू निवर्तल्या. वडील मंडळींनी आम्हांस, नव्यानेच शिक्षक झालो होतो म्हणून, विचारले, "थांबावे काय?" आम्ही भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवली, विषुववृत्ताच्या प्रमाणाने मोजले. साडेसतरा हजार किलोमीटर भरले. ताशी साडेआठशेच्या वेगाने एकवीस तास, लंडनचा मुक्काम वेगळा. रात्री दहापूर्वी विमान उतरणे नाही, असे आम्ही ठामपणे सांगितले. दुपारी दोन वाजता अग्नी दिला गेला. दिवेलागणीस बंधू अंगणात उभे होते.

चूक पट्टीची नव्हती. खलाशांना दिशा अचूक मिळावी म्हणून मर्केटरने 1569 साली योजलेल्या पद्धतीचा तो नकाशा. त्यात उत्तरेकडील प्रदेश ताणले जातात; साठाव्या अक्षांशावर तर अंतर दुप्पट दिसते. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात पृथ्वी गोल असल्याचे 1150 साली विवेचन केले, हे आम्ही मुलांना सांगत होतो आणि पट्टी मात्र सपाट कागदावर ठेवीत होतो!

खरी रीत अशी. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरावा. तो आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश व्यापतो ते पाहावे. एका अंशास सुमारे 111 किलोमीटर. आमचा दोरा 113 अंश भरला, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. पुतण्याने अक्षांश-रेखांशांच्या ज्या-कोज्यांचे सूत्र मांडून 112.7 अंश काढले. दोऱ्याने लाज राखली म्हणावयाची.

दोऱ्याची वाट पाहून मात्र आम्ही चकित झालो. अटलांटिकच्या मध्यातून जाण्याऐवजी ती सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड असे करीत आइसलँडवरून जाते. आम्हांस मोठा फेरा वाटलेले लंडन त्या वाटेपासून फारसे दूर नाही. तेथे उतरूनही एकंदर अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांनीच वाढते. म्हणजे प्रवास सारा पंधरा तासांचा, आणि आम्ही सांगितले एकवीस.

प्रत्यक्ष विमान दोऱ्याबरहुकूम जात नाही, हेही ध्यानी ठेवावे. वारे असतात, मनाई असते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांस आकाश बंद केले तेव्हा पश्चिमेकडील वाटा लांबल्या. सबब दोऱ्याचे माप हे कमीत कमी अंतर समजावे, आणि घरात निर्णय घेण्यापूर्वी विमान उतरण्याची वेळ विमानतळावर विचारून घ्यावी. त्या दिवशी आम्ही ती विचारली नव्हती.

बंधूंनी हिशेब कोणी केला, हे कधीच विचारले नाही. आम्हीच त्यांस वर्षश्राद्धाच्या दिवशी सांगितले.

पृथ्वीगोल व दोरा येथे मेजावर ठेवला आहे. चहापानाच्या वेळी मुलांनी आपापल्या काका-मामांचे, आत्या-मावश्यांचे गाव शोधून मोजून पाहावे. दोरा सैल धरू नये.