मागच्या चाकांतील मुके सेवक



नवी मोटार घेतांना आपण तिच्या वेगाची, रंगाची आणि पेट्रोलच्या खर्चाची कसून चौकशी करतों. ती थांबते कशी, ही चौकशी मात्र क्वचितच होते. पाय दाबला कीं गाडी थांबते, एवढ्यावर आपलें समाधान असतें. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती या समाधानामुळेंच दुर्लक्षित राहिलेली आहे. ती म्हणजे बहुतेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांत दडून बसलेला ब्रेकशूंचा जोडा.

ब्रेकवर केवढा भार पडतो, तें आधीं पाहूं. माणसें व सामान धरून एक हजार किलो वजनाची मोटार लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीस येते, तेव्हां ती ५०० मीटरांहून अधिक खालीं आलेली असते. ५०० मीटरांच्या या उतारांतून मिळणारी सारी शक्ति उष्णतेंत बदलली, तर तिच्यानें सुमारें १५ लिटर साधें पाणी उकळीस येईल. यांतील कांहीं भाग हवा घेते, कांहीं इंजिन घेतें. उरलेला ब्रेकांच्या वांट्यास येतो. ब्रेक वेग गिळून टाकीत नाहीं. घर्षणानें त्याची उष्णता करतो आणि ती हवेच्या स्वाधीन करतो. हें काम करतांना जें झिजतें, तें शूवरील अस्तर.

पूर्वीं घोडागाडीच्या धांवेवर बाहेरून ठोकळा दाबीत असत. चिखल आणि पाणी यांपुढें त्याचें फारसें चालत नसे. ड्रमाच्या आंतून पसरणाऱ्या आधुनिक ब्रेकाचें श्रेय सामान्यतः फ्रान्सचे लुई रेनो यांस, त्यांच्या १९०२ सालच्या रचनेबद्दल, दिलें जातें. तेव्हां पायाचा जोर तारा व दांड्या यांच्या द्वारें चाकांपर्यंत जाई. १९२१ सालच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारींत चारी चाकांस द्रवदाबाचे ब्रेक आले. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकांतील नियमच तेथें कामास लावलेला आहे.

मागचें चाक काढलें म्हणजे बिडाची एक मोठी गोल डबी दिसते. ती चाकाबरोबर फिरते; हाच ड्रम. त्याच्या आंत, न फिरणाऱ्या तबकडीवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी शू समोरासमोर बसविलेले असतात. इंग्रजींतला शू म्हणजे जोडा, आणि ते असतातही दोन. म्हणून मराठींत त्यांस जोडा म्हणणें दुहेरी अर्थानें शोभतें. त्यांच्या पाठीवर घर्षणास योग्य असें अस्तर असतें. गॅरेजवाले त्यास लायनर म्हणतात. पाय दाबतांच वरच्या लहान सिलिंडरांतील दोन दट्टे शूंना बाहेर लोटतात, अस्तर ड्रमास घांसतें आणि चाक मंदावतें. पाय उचलतांच स्प्रिंगा शूंना परत आंत ओढतात. हातब्रेकची तार याच शूंना यंत्राच्या जोरावर पसरते. तेथें द्रवाचा संबंध नाहीं.

येथें एक गंमत आहे. पुढें जाणाऱ्या गाडीचा फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो आणि त्या ओढीनें तो शू अधिकच घट्ट दाबला जातो. मागच्या शूला मात्र ड्रम दूर लोटतो. म्हणून लहान मोटारींतील नेहमींच्या रचनेंत पुढच्या शूचें अस्तर आधीं झिजतें. तेवढ्यानें घाबरूं नये. परंतु डाव्या चाकाची झीज उजव्या चाकाहून पुष्कळ निराळी दिसली, तर कोठें तरी बिघाड आहे असें खुशाल समजावें.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. गाडी थांबतांना तिचा भार पुढें झुकतो, म्हणून थांबविण्याचें अधिक काम पुढचे ब्रेक करतात आणि तेच लवकर झिजतात. पुष्कळ मोटारींत पुढच्या ब्रेकपॅडांना एक पातळ पत्रा लावलेला असतो. पॅड संपत आलें कीं तो किंचाळून मालकास जागें करतो. मागच्या शूंना बहुधा असा वाचाळ पत्रा नसतो. समोरचा तांबडा दिवा हातब्रेक ओढलेला आहे किंवा तेल उतरलें आहे एवढेंच सामान्यतः सांगतो. अस्तर किती उरलें तें सांगत नाहीं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडील नव्या मोटारींना एबीएस सक्तीचें झालें. तें चाक जखडूं देत नाहीं हें खरें, परंतु झिजलेलें अस्तर तें भरून आणूं शकत नाहीं. पुढचे ब्रेक कुरकुरतात, मागचे निमूटपणें झिजतात. आणि उतारावर उभी असलेली मोटार बहुतेक गाड्यांत या मुक्या सेवकांच्याच भरंवशावर असते.

त्यांची मूक भाषा मात्र आपणांस शिकतां येते. हातब्रेकची दांडी ओढतांना 'कट्‌ कट्‌' आवाज होतो. ते आवाज मोजून ठेवावेत. नेमकी संख्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली असते. ती हळूहळू वाढूं लागली तर अस्तर झिजलें, तार सैल पडली किंवा शू आपोआप जुळविणारें यंत्र अडकलें असें समजावें. नुसती तार ताणून घेऊन समाधान मानूं नये. ब्रेकचा पाय पूर्वींपेक्षां खोल जाऊं लागणें, मागून खरखर येणें, एकच चाक तापणें, जळका वास येणें, हीही सर्व सूचना देणारीं लक्षणेंच होत.

आपल्या पावसाळ्यांत आणखी एक प्रकार घडतो. हातब्रेक ओढून मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर ओलाव्यानें गंज चढून अस्तर ड्रमास चिकटून बसतें. म्हणून लांबच्या गांवीं जातांना गाडी सपाट जागीं ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत, गिअर घालावा आणि हातब्रेक सोडून द्यावा. साचलेल्या पाण्यांतून बाहेर आल्यावर रस्ता मोकळा पाहून ब्रेक दोनचार वेळां हलकेच दाबावा. घर्षणाच्या उष्णतेनें अस्तर सुकतें.

ड्रम उघडण्याचें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे. पण तें आपल्या देखत व्हावें. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याजवळ काम करूं नये. खालीं भक्कम स्टँड हवा. ड्रम काढण्यासाठीं हातब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना आधीं ठोकळे लावावेत. अस्तराची जाडी एक ते दीड मिलिमीटरवर आली कीं पुष्कळ गाड्यांत शू बदलण्याची वेळ होते. निश्चित आंकडा पुस्तिकेंत पाहावा. ड्रमाचा आंतील व्यास किती वाढूं द्यावा, तें बहुधा ड्रमावरच कोरलेलें असतें. सिलिंडरांतून तेल ओघळत असेल तर त्याची व्यवस्था आधीं करावी. तेलानें भिजलेलें अस्तर धुऊन उपयोगी पडत नाहीं. शू नेहमीं दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत; मात्र खोलावें एका वेळीं एकच चाक, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी दुसऱ्या चाकांत पाहतां येते.

एक गोष्ट मी आग्रहानें सांगतों. आंतील काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीनें उडवूं देऊं नये. अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरण्याची रीत फार जुनी आहे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत शिरून कर्करोगासारखे रोग उत्पन्न करतात. अस्तर कशाचें आहें हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं, म्हणून धूळ ओल्या फडक्यानेंच टिपावी. गॅरेजांत हातोडी उचलून देणाऱ्या पोराच्या छातीची काळजी घेणें, हेंही मालकाचें कर्तव्य आहे.

शेवटीं पुन्हां घाटाकडे वळूं. ड्रम तापला कीं प्रसरण पावून शूंपासून दूर सरकतो, आणि तापलेल्या अस्तराची पकडही कमी होते. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं; ओलावलें म्हणजे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. तेल उकळलें तर त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पाय जोर न लागतां तळास टेकतो. म्हणून तेल ठरल्या मुदतीस बदलावें आणि घाट उतरतांना खालच्या गिअरांत इंजिनाला गाडी धरूं द्यावी.

उद्यां सकाळीं गाडी बाहेर काढण्यापूर्वीं हातब्रेकचे आवाज तेवढे मोजा आणि तो आंकडा लिहून ठेवा. आपल्या घराच्या उतारावर मोटार उभी असते, आणि तिच्या खालच्या अंगास मुलें खेळत असतात. त्या मुलांच्या आणि मोटारीच्या मध्यें उभें असतें, तें कांहीं मिलिमीटर जाडीचें अस्तर.