शेवटच्या खाटेपर्यंत

(वृद्धाश्रम व शुश्रूषागृहे यांना भेटी देणाऱ्या समितीच्या सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचे काम चांगले की वाईट हे कसे ओळखावे, या विषयावर मी बोलावे अशी आपली सूचना आहे. मी स्वतः एकदा हे ओळखण्यात चुकलो होतो. तेव्हा प्रारंभ तेथूनच करणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी, शासकीय वैद्यकीय सेवेत असताना, एका वृद्धाश्रमाच्या तपासणीसाठी मी गेलो होतो. भेटीची तारीख आठ दिवस आधी कळविण्यात आली होती. फरशी लख्ख होती, भिंतींना नवा रंग होता, स्वयंपाकघरातील भांडी ओळीने मांडलेली होती आणि नोंदवह्यांत एकही रकाना रिकामा नव्हता. व्हरांड्यात दहाबारा वृद्ध धुतलेल्या कपड्यांत बसले होते. ‘काही त्रास आहे का?’ असे मी त्यांना विचारले. व्यवस्थापक माझ्या शेजारीच उभे होते. ‘सगळे ठीक आहे,’ असे उत्तर मिळाले. चहा झाला आणि शेरेपुस्तकात ‘व्यवस्था उत्तम’ असे लिहून मी सही केली. पाचच दिवसांनी त्या संस्थेतील एक वृद्धा आमच्या रुग्णालयात आणली गेली. तिच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि ती हाडापर्यंत पोहोचली होती. जखमेचे स्वरूपच सांगत होते की, मी चहा घेत होतो त्या दिवशी ती तेथे होती. बाई मागच्या खोलीत होत्या. त्या खोलीपर्यंत मी गेलोच नव्हतो. त्या वाचल्या नाहीत. ते शेरेपुस्तक पुढे कधी पाहण्यात आले नाही, परंतु त्यातील माझा शेरा मला पाठ आहे.

मी त्या दिवशी काहीच पाहिले नाही असे नव्हे. मी इमारत पाहिली, खाटा मोजल्या, कागद तपासले. वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनाचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी रूढ केला, त्या अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली या परीक्षणाचे तीन भाग सांगितले. संस्थेजवळ साधने काय आहेत, त्या साधनांनिशी प्रत्यक्ष काम कसे होते आणि त्या कामाचा माणसावर परिणाम काय झाला, असे ते तीन भाग होत. आपल्याकडील बहुतेक तपासण्या पहिल्या भागातच संपतात, कारण खाटा मोजता येतात आणि त्यांचा आकडा रकान्यात बसतो.

येथे कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा ९.९ होते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करण्याची तरतूद आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा त्याहून जुना, १९४९ चा. परंतु ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्या बोलण्यात लहान खाजगी रुग्णालय. तेथे रोगी येतो, बरा होतो आणि घरी जातो. वृद्धाश्रम हा समाजकल्याणाचा विषय. तेथे चालता-फिरता माणूस राहावयास येतो. जो बरा होणार नाही, घरी जाणार नाही आणि चालूही शकत नाही, असा अंथरुणाला खिळलेला वृद्ध या दोहोंच्या मधल्या जागेत पडतो. अनेक संस्थांच्या प्रवेशपत्रिकेवर ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ अशी अट असते. ही अट समजण्यासारखी आहे. मात्र प्रवेश घेतल्यावर चार वर्षांनी त्याच माणसाचे पाय गेले तर त्याचे काय होते, हा प्रश्न आपण प्रत्येक ठिकाणी विचारला पाहिजे. उत्तर बहुधा मागच्या खोलीत सापडते.

म्हणून पहिली विनंती अशी की, भेटीस गेल्यावर व्हरांड्यात बसू नये. जो वृद्ध सर्वांत अधिक परावलंबी आहे त्याच्या खाटेकडे प्रथम जावे आणि तेथून पुढे यावे.

तेथे काय पाहावयाचे? माकडहाड, खुबे आणि टाचा. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिल्याने हाडावरील कातडी दबते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती मरते. आधी लालसर डाग दिसतो. बोटाने दाबला तरी तो फिका पडत नाही. सावळ्या कातडीवर हा लालपणा सहज दिसत नाही. तेथे भोवतालच्या भागापेक्षा ऊब किंवा कडकपणा हाताला जाणवतो काय, हे पाहावे लागते. अशा रोग्याला साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, कातडी कोरडी ठेवावी आणि पोटात पुरेसे अन्न जावे, एवढ्याने बहुतेक जखमा टळतात. रोग्याला अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असा अभिप्राय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवला आहे. अर्थात अंगावरील वस्त्र बाजूला करून पाहणे हे समितीतील डॉक्टर अथवा परिचारिका यांनी, त्या व्यक्तीची अनुमती घेऊन आणि आडोसा करूनच करावयाचे आहे. तपासणीच्या नावाखाली कोणाची लाज जाता कामा नये.

दुसरी गोष्ट वजनाची. वृद्धाचे वजन महिन्यात शेकडा पाच किंवा सहा महिन्यांत शेकडा दहा उतरले, तर ती धोक्याची खूण मानतात. पन्नास किलो वजनाच्या माणसाचे अडीच किलो महिन्यात कमी झाले तर कारण शोधलेच पाहिजे. कारण कधी रोगाचे असते. कधी कवळी हरवलेली असते आणि भाकरी चावता येत नाही. कधी हात थरथरतात आणि भरविणारे कोणी नसते. ताट समोर ठेवले गेले आणि अर्ध्या तासाने तसेच उचलले गेले, तरी आहाराच्या नोंदवहीत ‘जेवण दिले’ अशीच नोंद होते. ती खोटीही नसते! जेवणाच्या वेळी जावे आणि परत जाणारी ताटे पाहावीत. रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत किती तासांचे अंतर आहे तेही विचारावे. स्वयंपाकी लवकर घरी जातो म्हणून संध्याकाळी सहालाच जेवण उरकणाऱ्या संस्था आहेत.

पाण्याचे भांडे हाताच्या टप्प्यात आहे काय, हेही असेच. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. पाणी कमी पडले की माणूस गोंधळतो, बडबडू लागतो आणि भोवतालचे लोक ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ म्हणून सोडून देतात. काही वृद्ध जाणूनबुजून पाणी पीत नाहीत, कारण रात्री शौचालयापर्यंत कोण नेणार, ही चिंता त्यांना असते. म्हणजे प्यालाभर पाण्याचा प्रश्न अखेर रात्रपाळीच्या मदतनिसापाशी येऊन ठेपतो. रात्री दहानंतर किती वृद्धांमागे किती माणसे जागी असतात, हा एक आकडा संस्थेविषयी बरेच काही सांगून जातो.

खाटेला बांधलेले पंचे, कापडी पट्ट्या यांकडेही लक्ष असावे. ‘पडू नये म्हणून बांधतो’ असे सांगितले जाते. बांधल्याने सांधे आखडतात, जखमा होतात आणि सुटण्याच्या धडपडीत माणूस अधिक वाईट रीतीने पडतो. झोपेच्या गोळ्यांचाही असाच उपयोग होतो. कोणाच्या सांगण्यावरून आणि किती दिवस त्या चालू आहेत, हे पाहावे. अमेरिकेत अशा संस्थांची अवस्था फार बिघडल्यावर १९८६ साली तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला आणि १९८७ साली कायदा झाला. शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधून ठेवता येणार नाही, तपासणी पूर्वसूचनेविना व्हावी आणि तपासनिसांनी राहणाऱ्यांशी स्वतः बोलावे, असे तेथे ठरले. सर्व दोष त्याने गेले असे नाही. मात्र पाहण्याची दिशा बदलली.

बोलावे कसे, हेही शिकण्यासारखे आहे. ‘त्रास आहे का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही; आपण गेल्यावर त्यांना तेथेच राहावयाचे असते. व्यवस्थापकांना दूर थांबावयास सांगून बसून बोलावे. काल रात्री उठावे लागले काय, हाक मारली तेव्हा कोण आले, किती वेळाने आले, असे विचारावे. आयाबाईंशीही बोलावे. माझ्या त्या भेटीच्या वेळी एक आयाबाई दारापाशी दोनदा येऊन परत गेल्या होत्या. त्यांना काही सांगावयाचे होते, हे मला पुढे कळले.

एक सावधगिरीची सूचना. केवळ जखमा मोजून निकाल दिला तर चांगल्या संस्थेवर अन्याय होईल. जी संस्था फक्त धडधाकट वृद्ध घेते तिच्याकडे जखमा नसणारच. जी संस्था इतरांनी नाकारलेली माणसे उचलून आणते तिच्याकडे त्या दिसतील. जखम येथे झाली की बरोबर आली, येथे आल्यावर ती भरते आहे की वाढते आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच्या नोंदीवरून ठरवावे. अशी नोंद नसेल तर पहिल्या भेटीत ती सुरू करवून घ्यावी. संस्था बंद करा, असा शेरा लिहिणे सोपे असते. त्या वीस माणसांना दुसऱ्या दिवशी कोठे न्यावयाचे, याचे उत्तर मात्र तालुक्यात सहसा कोणाजवळ नसते.

समितीत शिक्षक व पंचायत सदस्य आहेत, ही माझ्या मते फार चांगली गोष्ट आहे. अधिकारी वर्षातून एकदा जाणार. आपण त्याच रस्त्याने रोज जाता. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी शाळा फळवाटपासाठी जातात आणि दात नसलेल्यांच्या हाती सफरचंदे ठेवून येतात. त्याऐवजी दोन मोठी मुले दर शनिवारी जेवणाच्या वेळी जाऊन बसली, तर ताटे परत जाणे कमी होईल. ग्रामपंचायतीला वजनकाटा विकत घेणे जड नाही. जो वृद्ध उभा राहू शकत नाही त्यासाठी खुर्चीचा काटा लागतो. तो तालुक्यात एक असला तरी फिरविता येईल. तक्रारीसाठी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर असावा आणि दूरध्वनी व्यवस्थापकांच्या खोलीत कुलपात नसावा.

समितीच्या पहिल्या भेटीची तारीख मला आज सकाळी विचारण्यात आली. ती मी सांगितलेली नाही. रात्री साडेनऊनंतर ज्यांना बाहेर पडणे शक्य आहे अशा सदस्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. त्यात निदान दोन भगिनी असाव्यात.